शेजाऱ्यांच्या सैन्यावर तगलेलं सरकार: सोमालिया आणि जिबूतीची बोलणी

धागाकर्ता: सागरवाट

२००६च्या फेब्रुवारीत सोमालियाची हंगामी संसद मायदेशात पहिल्यांदा भरली, ती बैदोआ शहरातल्या धान्याच्या एका जुन्या कोठारात. राजधानी मोगादिशू तिच्या ताब्यात नव्हती. हे सरकार जन्माला आलं तेच शेजारच्या देशात. केनियात २००२ पासून दोन वर्षं वाटाघाटी चालल्या, आणि ऑक्टोबर २००४ मध्ये अब्दुल्लाही युसूफ यांची राष्ट्राध्यक्ष म्हणून निवड झाली तीही नैरोबीतच. संयुक्त राष्ट्रांनी मान्यता दिली, आफ्रिकी महासंघाने दिली. मोगादिशूच्या रस्त्यांवर मात्र या सरकारचा हुकूम चालत नव्हता.

मार्च २०२४ मध्ये आपल्या नौदलाने 'रुएन' जहाजावरच्या १७ खलाशांची सुटका केली आणि ३५ सोमाली चाच्यांना पकडून मुंबईत आणलं. कमांडोंच्या कामगिरीवर खूप बोललं गेलं, आणि ते योग्यच होतं. पण चाचे ज्या किनाऱ्यावरून निघतात, तिथे तीस वर्षांत धड सरकार का उभं राहिलं नाही, यावर मराठीत फार थोडं लिहिलं जातं. म्हणून हा धागा.

माझं मत आधीच सांगतो. शेजाऱ्याचं सैन्य कमकुवत सरकारला जगवू शकतं, उभं करू शकत नाही. उभं राहायचं तर त्या सरकारला आपल्या विरोधकांशी बोलावं लागतं, आणि शेजाऱ्यांनी हातभार लावायचा तो त्या बोलण्याला. सोमालियात हे त्यातल्या त्यात नीट घडलं ते २००८ मध्ये, जिबूतीत.

शेजारी कोण, हे समजल्याशिवाय पुढचं कळणार नाही. सोमालियाच्या निळ्या झेंड्यावर पाच टोकांचा पांढरा तारा आहे. पाच टोकं म्हणजे सोमाली लोकांचे पाच प्रदेश. त्यातले दोनच सोमालियात आले. उरलेले तीन म्हणजे इथिओपियातला ओगादेन, केनियाचा ईशान्य भाग आणि जिबूती. १९७७ मध्ये सोमालियाचे तेव्हाचे लष्करशहा सियाद बारे यांनी ओगादेनमध्ये सैन्य घातलं. सोव्हिएत आणि क्युबाच्या मदतीने इथिओपियाने पुढच्या वर्षी ते परतवून लावलं. तेव्हापासून अदिस अबाबात कोणीही सत्तेवर असो, मोगादिशूत बळकट राज्यकर्ता आला की त्यांना काळजी वाटते. अराजक माजलं तरी काळजी वाटतेच. केनियाचंही थोड्याफार फरकाने तसंच; शिवाय १९९१ पासून दादाबच्या निर्वासित छावण्यांचा भार त्यांच्यावर. एरिट्रियाची सोमालियाला सीमा लागत नाही, पण १९९८ ते २००० या काळात इथिओपियाशी लढल्यानंतर इथिओपियाच्या प्रत्येक विरोधकाला अस्मारात आसरा मिळू लागला. राहता राहिला जिबूती: एवढासा देश, निम्म्याहून अधिक लोक सोमाली, आणि या भागातल्या देशांची संघटना असलेल्या 'इगाड'चं मुख्यालयही तिथेच.

हे धोके संयुक्त राष्ट्रांना ठाऊक नव्हते असं नाही. डिसेंबर २००६ मध्ये सुरक्षा परिषदेने ठराव १७२५ मंजूर केला. हंगामी सरकारच्या रक्षणासाठी आफ्रिकी फौज पाठवावी, पण सोमालियाला लागून असलेल्या देशांनी तीत सैन्य पाठवू नये, असं त्यात नमूद होतं. त्याच महिन्यात इथिओपियाचे रणगाडे सीमा ओलांडून गेले. कारण जूनपासून मोगादिशू इस्लामी न्यायालयांच्या संघटनेच्या (शरियतनुसार निवाडे करणाऱ्या स्थानिक न्यायालयांनी मिळून उभारलेल्या सशस्त्र चळवळीच्या) हातात होती आणि बैदोआतलं सरकार पडण्याच्या बेतात होतं. २८ डिसेंबरला इथिओपियाचं सैन्य राजधानीत शिरलं.

लष्करी हिशेबाने ती मोहीम झटपट यशस्वी झाली. राजकीय हिशेब पुढची पंधरा-सोळा वर्षं चुकता होत राहिला. 'अल-शबाब' तोवर न्यायालयांच्या संघटनेतला एक तरुण, कडवा, लहानसा सशस्त्र गट होता. परक्या सैन्याच्या येण्याने त्याला देश सोडवण्याचं कारण मिळालं. हे मला या सगळ्या गोष्टीतलं सर्वांत दुःखद वळण वाटतं. न्यायालयांच्या संघटनेत बोलणी करता येतील अशी माणसंही होती, आणि ती देशोधडीला लागली.

त्यांतलेच एक शेख शरीफ शेख अहमद. ते अस्मारात गेले, तिथे विरोधकांची आघाडी उभी राहिली, आणि पुढे ती फुटली. न्यायालयांच्या संघटनेतले कडवे नेते हसन दाहिर अवेस अस्मारातच थांबले. शेख शरीफ यांचा गट जिबूतीत येऊन सरकारशी बोलायला तयार झाला. सरकारच्या बाजूने पंतप्रधान नूर हसन हुसेन होते. लोक त्यांना नूर अद्दे म्हणत. संयुक्त राष्ट्रांचे दूत होते मॉरिटानियाचे अहमदू उल्द-अब्दल्ला. जून २००८ मध्ये समझोता झाला. लढाई थांबवायची, सोमालियाशी मैत्री असलेल्या, पण शेजारी नसलेल्या देशांची फौज मागवायची, आणि इथिओपियाने माघार घ्यायची. डिसेंबरात अब्दुल्लाही युसूफ यांनी राजीनामा दिला, जानेवारी २००९ मध्ये इथिओपियाचं सैन्य परतलं, संसदेच्या जागा २७५ वरून ५५० झाल्या आणि ३१ जानेवारीला जिबूतीत भरलेल्या संसदेने शेख शरीफ यांना राष्ट्राध्यक्ष निवडलं. ज्यांना हटवण्यासाठी इथिओपियाने दोन वर्षांपूर्वी सैन्य धाडलं होतं, तेच गृहस्थ लगेच अदिस अबाबात आफ्रिकी महासंघाच्या शिखर परिषदेला राष्ट्राध्यक्ष म्हणून बसले.

यात उणं नव्हतं असं मी म्हणणार नाही. अवेस बाहेर राहिले, अल-शबाब तर होतीच. निवडणुकीच्या काही दिवस आधी, इथिओपियाची पाठ फिरताच, अल-शबाबने बैदोआ घेतलं. म्हणजे ज्या कोठारात संसद भरायची तेही गेलं. पुढची दोन वर्षं आफ्रिकी महासंघाच्या शांतिसेनेतल्या युगांडा आणि बुरुंडीच्या सैनिकांनी विमानतळ, बंदर आणि राष्ट्राध्यक्षांचं निवासस्थान 'व्हिला सोमालिया' धरून ठेवलं, त्यावर हे सरकार टिकलं. तरीही परक्या सैन्याविरुद्ध लढण्याचं जे मुख्य कारण शत्रूपाशी होतं, त्यातला बराच जोर जिबूतीने काढून घेतला, असं मला वाटतं.

तुमचं मत वाचायला आवडेल, विशेषतः वेगळं असेल तर.

रानवाटा
वाचतेय. झेंड्याचा संदर्भ माहीत नव्हता. एक प्रश्न: संसदेच्या जागा २७५च्या ५५० झाल्या म्हणता, पण निवडणूक तर झालीच नव्हती. मग खासदार ठरवतं कोण?

सागरवाट
कुळं ठरवतात. २००० साली जिबूतीतल्याच अर्ता गावी मोठी परिषद झाली, तिथे साडेचारचं सूत्र रुळलं. दारोद, हाविये, दिर आणि दिगिल-मिरिफ्ले (यांना रहानवेन असंही म्हणतात) या चार मोठ्या कुळांना सारखा वाटा आणि बाकी सगळ्या लहान समाजांना मिळून अर्धा. कुळातली वडीलधारी मंडळी नावं देतात. २७५ नव्या जागांपैकी २०० शेख शरीफ यांच्या आघाडीला मिळाल्या, बाकीच्या नागरी समाजातल्या लोकांना. या सूत्राने कापाकापी थोडी आवरली, पण एकदा राजकारण कुळावर बसलं की ते तिथून उठत नाही.

जुना_खलाशी
मी व्यापारी जहाजांवर नोकरी केली. २००८ नंतरची काही वर्षं एडनचं आखात म्हटलं की घरच्यांचा जीव टांगणीला असायचा. डेकभोवती काटेरी तारा, पाण्याच्या नळ्या सज्ज, रात्रीच्या पहाऱ्याला जादा माणसं. चाचे मोठ्या मातृनौका घेऊन इतके पूर्वेला येऊ लागले की २०१० मध्ये धोक्याच्या क्षेत्राची हद्द ७८ अंश पूर्व रेखांशापर्यंत, म्हणजे आपला पश्चिम किनारा पोटात घेईल इतकी, वाढवली गेली. जहाजांवर बंदूकधारी रक्षक आले ते त्यानंतरच. २०१२ मध्ये केरळजवळ इटालियन नौसैनिकांच्या गोळ्यांनी दोन मच्छीमार गेले, तेही या भीतीच्याच वातावरणात. पुढे आपल्या सरकारने पाठपुरावा केला आणि २०१५ मध्ये ती रेषा ६५ अंशांवर गेली.

२०११ मध्ये नौदलाने पकडलेले शंभरांहून अधिक चाचे मुंबईत खटल्याला उभे राहिले. त्यांत पोरसवदा मुलं होती. मला त्यांचा राग होता आणि आहे, कारण आमची माणसं महिनोन् महिने त्यांच्या ताब्यात होती. पण धागाकर्त्यांचं बरोबर आहे. समुद्रावर कितीही युद्धनौका फिरल्या, तरी किनाऱ्यावर पोलीस चौकी आणि कोर्ट नसेल तर चार वर्षांनी, दहा वर्षांनी, बोटी पुन्हा सुटणारच. २०२३च्या अखेरीस तेच झालं.

सह्यकडा
लेख अभ्यासपूर्ण आहे, पण मूळ मताशी असहमत.

जिबूतीची बोलणी झाली ती इथिओपियाच्या सैन्याने न्यायालयांच्या संघटनेची कंबर मोडल्यावर. २००६ मध्ये ते जिंकत असताना बैदोआतल्या सरकारशी कशाला बोलले असते? त्या वर्षी सुदानच्या राजधानीत, खार्टूममध्ये, या दोघांची बोलणी झालीच होती आणि फिसकटली. हरलेला माणूस बोलतो, जिंकणारा नाही. शेख शरीफ निवडून आल्यावरही त्यांना व्हिला सोमालियात जिवंत ठेवलं ते युगांडाच्या सैनिकांनी. त्याची किंमत युगांडाने स्वतःच्या राजधानीत मोजली. जुलै २०१० मध्ये विश्वचषक फुटबॉलचा अंतिम सामना बघत बसलेल्या कंपालातल्या ७०हून अधिक लोकांना अल-शबाबने बॉम्बने मारलं. युगांडाचे राष्ट्राध्यक्ष मुसेवेनी तेव्हा मागे फिरले असते तर? त्यांनी उलट आणखी सैन्य दिलं, आणि ऑगस्ट २०११ मध्ये अल-शबाबला मोगादिशू सोडावी लागली. कराराच्या कागदाने शहर सुटलं नाही.

सागरवाट
@सह्यकडा, युगांडाच्या त्यागाबद्दल दुमत नाही, आणि त्यांची माणसं किती पडली हे तिथल्या सरकारांनी कधी मोकळेपणी सांगितलंही नाही. पण युगांडाची सोमालियाला सीमा लागत नाही. म्हणून त्यांचं सैन्य मोगादिशूत रुजलं आणि इथिओपियाचं रुजलं नाही. ठराव १७२५ लिहिणाऱ्यांना हेच सांगायचं होतं.

दुसरं असं, की ऑगस्ट २०११ म्हणजे दुष्काळाचा काळ. त्या दुष्काळात अडीच लाखांच्या वर माणसं मेली, त्यांत निम्मी पाच वर्षांखालची मुलं. अल-शबाबने आपल्या भागात मदत संस्थांना अडवलं होतं, आणि त्यामुळे लोक त्यांच्यापासून तुटले. सैन्य, भूक आणि राजकारण या तिन्हींनी मिळून ते शहर सुटलं.

पैशाचंही सांगतो, कारण यावर बोलायला कोणी तयार नसतं. आफ्रिकी शांतिसेनेतल्या सैनिकामागे युरोपीय संघ महिना १,०२८ डॉलर देत असे. त्यातले २००च्या आसपास त्या त्या देशाचं सरकार कापून घेई. आणि ज्याच्यासाठी हे सगळं, त्या सोमाली सैनिकाचा पगार शंभर डॉलरच्या घरात, तोही अनेकदा महिनोन् महिने मिळत नसे. शेजारच्या खंदकातल्या पाहुण्याला आपल्या आठ-दहा पट मिळतात हे ज्याला रोज दिसतं, त्याने सरकारसाठी जीव का द्यावा? २०१६ मध्ये युरोपने या भत्त्यात २० टक्के कपात केली तेव्हा सैन्य देणारे देश खवळले, काढता पाय घेण्याची भाषा झाली. उसन्या सैन्याची दोरी अशी तिसऱ्याच्या हातात असते.

नैरोबीकर
बरीच वर्षं नैरोबीत राहते, म्हणून केनियाची बाजू मांडते.

केनियाने ऑक्टोबर २०११ मध्ये सैन्य घातलं. कारण सांगितलं ते किनाऱ्यावरून आणि दादाबमधून परदेशी लोकांना पळवून नेल्याचं. पण सीमेपलीकडे, सोमालियाच्या दक्षिण टोकाला असलेल्या जुबालँडमध्ये आपल्या विश्वासातलं राज्य असावं, ही इच्छा त्याआधीपासूनची. पुढच्या वर्षी हे सैन्य आफ्रिकी महासंघाच्या फौजेत सामील केलं गेलं, किस्मायो बंदर घेतलं, आणि २०१३ मध्ये अहमद मदोबे जुबालँडचे प्रमुख झाले. मदोबे एकेकाळी न्यायालयांच्या संघटनेकडून किस्मायोचे गव्हर्नर होते. मोगादिशूतल्या केंद्र सरकारला ते मान्य नव्हते. शेवटी ऑगस्ट २०१३ मध्ये अदिस अबाबात इगाडच्या मध्यस्थीने तात्पुरता तोडगा निघाला. म्हणजे केंद्राला मदत करायला आलेल्या शेजाऱ्याने केंद्राशी भांडणारं एक राज्य उभं केलं. २०१४ मध्ये इथिओपियाही त्याच फौजेत अधिकृतपणे आला. सीमेवरच्या देशांनी यायचं नाही हा नियम उरलाच नाही.

आणि इथे आम्ही काय पाहिलं? सप्टेंबर २०१३ मध्ये वेस्टगेट मॉलवर अल-शबाबचा हल्ला झाला, ६७ जण गेले. त्या मॉलमध्ये आपले लोक नेहमी जायचे. मेलेल्यांत भारतीय होते. एप्रिल २०१५ मध्ये गारिसा विद्यापीठात १४८, बहुतेक विद्यार्थी. मधल्या काळात पोलिसांनी ईस्टली या नैरोबीतल्या सोमाली वस्तीमधल्या हजारो सोमालींना उचलून कसारानी स्टेडियममध्ये डांबलं. त्यांत जन्माने केनियन असलेलेही होते. आमच्या ओळखीचे दुकानदार त्यात सापडले. कापडाच्या गठ्ठ्यांवर बसून चहा पाजणारी साधी माणसं. त्यांना अल-शबाबची जेवढी भीती वाटते तेवढी मला कधी वाटणार नाही, कारण त्यांची अर्धी नाती तिकडे आहेत.

पुढे समुद्रातल्या सीमेवरून सोमालियाने केनियाला आंतरराष्ट्रीय न्यायालयात नेलं. २०२१चा निकाल बराचसा सोमालियाच्या बाजूने लागला आणि केनियाने तो मानायला नकार दिला. तेव्हाही केनियाचे सैनिक सोमालियात त्याच सरकारच्या रक्षणाला उभे होते. मदत आणि वाद एकाच वेळी चालू असतात, हे बाहेरून कळत नाही.

तोफखाना
आपल्यालाही हा धडा मिळाला आहे. १९८७ मध्ये श्रीलंकेत शांतिसेना गेली ती तिथल्या सरकारशी करार करूनच. दोन वर्षांत तिथले नवे राष्ट्राध्यक्ष प्रेमदास यांनी परत जा म्हटलं. मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी परतली तोवर सुमारे १,२०० जवान गमावले होते. याउलट नोव्हेंबर १९८८ मध्ये मालदीवला गेलो ते तिथले राष्ट्राध्यक्ष गयूम यांनी बोलावलं म्हणून. काही तासांत बंड मोडलं आणि बहुतेक सैन्य लगेच परतलं. तिथे बंडाचा म्होरक्या मालदीवचाच होता, पण लढणारे बहुतेक बाहेरून आणलेले भाडोत्री होते.

सोमालियातही आपली ब्रिगेड होती, १९९३-९४ मध्ये, संयुक्त राष्ट्रांच्या झेंड्याखाली. बैदोआच्याच भागात. विहिरी खणणं, गुरांना औषधपाणी ही कामंही तिने केली. मोगादिशूत अमेरिकनांची आणि पाकिस्तानी तुकडीची माणसं मारली गेली ते सगळ्यांना आठवतं, आपल्या ब्रिगेडचं हे काम मात्र कोणी सांगत नाही.

ओवी
वरच्या सगळ्या बोलण्यांत बायका कुठे होत्या? अर्ताला कुळाकुळाने प्रतिनिधी आले तेव्हा बायकांना जागाच नव्हती. सोमाली बाईचं माहेर एका कुळात, सासर दुसऱ्या. दोन्हीकडचे पुरुष म्हणणार ही आमची नाही. आशा हाजी एल्मी आणि त्यांच्या सोबतच्या बायकांनी तिथे 'सहावं कुळ' म्हणून स्वतःचा गट जाहीर केला आणि बोलण्यांत शिरकाव मिळवला. दोन कुळांत विभागलेली बाई दोन्हींमध्ये निरोप्याचं काम आधीपासूनच करत होती, तिला फक्त खुर्ची हवी होती. संसदेत ३० टक्के जागा देण्याचं वचन अजून पुरं झालेलं नाही. २०१६ मध्ये सुमारे २४ टक्क्यांपर्यंत मजल गेली, पुढच्या वेळी ती घसरली.

सह्यकडा
छान माहिती. सागरवाट, आता अंकाराबद्दल लिहा. १ जानेवारी २०२४ला इथिओपियाने सोमालीलँडशी (१९९१ पासून स्वतःला स्वतंत्र देश म्हणवणाऱ्या सोमालियाच्या उत्तर भागाशी) किनारपट्टीचा करार केला, त्यावर मोगादिशूने आकांडतांडव केलं, आणि मध्यस्थी केली तुर्कस्तानने. इगाड कुठे गेली?

सागरवाट
इगाडमध्ये भांडणारे दोघेही सदस्य, आणि दोघांनाही ती आपली वाटत नाही. तुर्कस्तानचं वजन वेगळं आहे. २०११च्या दुष्काळात एर्दोगान स्वतः मोगादिशूत गेले, २०१७ पासून तिथे त्यांचा लष्करी प्रशिक्षण तळ आहे आणि इथिओपियाशीही त्यांचे संबंध चांगले. करारात २० किलोमीटर किनारा ५० वर्षांच्या भाड्याने देण्याचं होतं, बदल्यात सोमालीलँडला मान्यतेची आशा. सोमालियाने उत्तरादाखल ऑगस्टमध्ये इजिप्तशी लष्करी करार केला. नाईलवरच्या धरणावरून इथिओपियाशी वैर असलेला देश इथिओपियाच्या दारात आला. ११ डिसेंबर २०२४ला अंकारात इथिओपियाचे पंतप्रधान अबी अहमद आणि सोमालियाचे राष्ट्राध्यक्ष हसन शेख महमूद यांनी संयुक्त निवेदन दिलं: इथिओपियाला समुद्राची वाट, पण सोमालियाच्या सार्वभौमत्वाखाली. पेटलेली गोष्ट त्या दिवसापुरती तरी विझली.

पण त्याच डिसेंबरात जुबालँडमधल्या रास कांबोनीला केंद्राचे आणि जुबालँडचे सैनिक एकमेकांवर गोळ्या झाडत होते. बाहेरच्यांशी समझोता होतो आणि घरातल्यांशी होत नाही, ही खरी काळजी. जानेवारी २०२५ पासून आफ्रिकी महासंघाची नवी मोहीम आली, त्यात इजिप्तला जागा मिळाली आणि इतकी वर्षं राहिलेला बुरुंडी बाहेर पडला. पैसा संयुक्त राष्ट्रांच्या सदस्यांच्या वर्गणीतून यावा, अशी सोय ठराव २७१९ ने २०२३ मध्ये केली होती. अमेरिकेने ती इथे लागू होऊ दिली नाही.

मुख्तार रोबो यांचं उदाहरण देतो, @सह्यकडा, हरलेला माणूसच बोलतो या तुमच्या पहिल्या मुद्द्यावर. अल-शबाबच्या संस्थापकांतले, एकेकाळचे उपप्रमुख. २०१७ मध्ये ते सरकारकडे आले. २०१८च्या डिसेंबरात बैदोआत प्रांतप्रमुखाच्या निवडणुकीला उभे राहिले, लोकप्रियही होते, तेव्हा मतदानाआधी त्यांना अटक झाली. त्यात इथिओपियाच्या सैनिकांचा हात होता. बैदोआत लोक रस्त्यावर उतरले, गोळीबारात माणसं मेली. जे शस्त्र ठेवून येऊ पाहत होते, त्यांनी त्या दिवशी काय पाहिलं असेल? ऑगस्ट २०२२ मध्ये हेच रोबो धार्मिक व्यवहार मंत्री झाले. मधली जवळजवळ चार वर्षं ते कैदेत होते, आणि त्या चार वर्षांत अल-शबाबमधून त्यांच्या तोलाचं दुसरं कोणी बाहेर आलं नाही.